पुलाजवळचा रेडिओ

बेअरपेन क्रीक, केंटकी
८ ऑक्टोबर १९९१

प्रिय जर्लीन,

तुझं पत्र आणि मुलांचे फोटो मिळाले. फोटो डॅडींच्या पलंगासमोर, आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलेत. तुम्ही सगळे बरे असाल असं समजते. ‘बरे असाल अशी आशा आहे’ असं लिहिणार होते, पण मम्मीची शिस्त अजून सुटत नाही. तू शाळेत जायचीस. माझी छाती नाजूक म्हणून मला ती घरीच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवायची. पत्र लिहायला दिलं आणि त्यात तो शब्द आला, की खोडायला लावायची. “आशा देव देतो. ती टपालात घालायची वस्तू नाही.”

इकडे सफरचंदं खूप आलीत. अर्धी वाळवली, अर्ध्यांचा मुरंबा घोटायचाय. पलीकडचा हॉबर्ट कोळसा टाकून गेला. डॅडी बीन्स आणि मक्याची भाकरी थोडी खातात. थोडी म्हणजे फार थोडी. तुला बरं वाटावं म्हणून जास्त लिहिणार नाही. ऑक्सिजनचं यंत्र आता दिवसभर चालू असतं. त्याची घरघर इतकी अंगवळणी पडलीय, की वीज गेली तरच ते होतं हे कळतं.

तू फोनवर जे विचारलंस त्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही, कारण फोन स्वयंपाकघरात आणि डॅडींचे कान अजून खणखणीत आहेत. तुझा निरोप मात्र मी दिला. तुझ्याच शब्दांत विचारलं, “डॅडी, जर्लीन विचारतेय, आज तुमचा प्राण गेला तर तुम्ही कुठे जाल?”

ते म्हणाले, “ज्याच्याकडे फोन आधी लागेल त्या अंत्यविधीवाल्याकडे.”

मग तू सांगितलेली प्रार्थना म्हणून दाखवली. ओळ न चुकवता. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, “छान आहे. तुझ्या बहिणीला सांग, तिच्या मंडळीत दार आतून उघडतं. आपल्याकडे कडी बाहेरून आहे.”

चिडू नकोस. तू तिकडे गेलीस, तिथे एक प्रार्थना मनापासून म्हटली की तारण होतं, आणि कोणत्या दिवशी झालं हेही सांगता येतं. मला ते खोटं म्हणायचं नाही. पण इथे कसं असतं हे तू विसरली नसशील. इथे माणूस ठरवत नाही. त्याला बोलावणं यावं लागतं. स्वप्न पडतं, आवाज येतो, काहीतरी होतं. तोवर मागच्या बाकावर बसायचं. बोलावणं आलेलासुद्धा ‘माझं तारण झालंय’ असं कधी म्हणत नाही. ‘मला थोडी आशा आहे’ एवढंच. डॅडी लग्नापासून मागच्या बाकावर बसतायत. मम्मी पुढे, मंडळीत. दर महिन्याला एका ट्रकमधून जायचे आणि दारातून आत गेल्यावर वेगळे व्हायचे. मम्मी वारली तेव्हा किती शांत होती, तू होतीस तेव्हा. डॅडींना तिने एवढंच विचारलं होतं, “तू येशील ना, आर्व्हिल?” आणि ते काही बोलले नव्हते. हो म्हणता आलं असतं. पण माहीत नसलेलं बोलायचं नाही, हे त्या दोघांनीच तर आपल्याला शिकवलं.

माझं काय, असं तू खाली बारीक अक्षरात विचारलंयस. मला काही आलेलं नाही. कधीकधी वाटतं आलं, मग वाटतं मीच आणलं. आणलेलं चालत नाही.

मुलांना पापा.

तुझी,
ओलिता


बेअरपेन क्रीक
२२ ऑक्टोबर १९९१

प्रिय जर्लीन,

हे पत्र पोचेपर्यंत तुला फोनवर कळलेलं असेल. तरी लिहिते, कारण तू ‘सगळं सविस्तर लिही’ म्हणालीस.

डॅडींना आशा मिळाली.

परवा रविवार होता. या रविवारी आपल्याकडे सभा नव्हती. सकाळी ऊन चांगलं होतं म्हणून मी त्यांना ओसरीवर खुर्चीत बसवलं. यंत्राची नळी खिडकीतून बाहेर घेतली. मी खाली अंगणात तांब्याच्या पातेल्यात मुरंबा घोटत होते. रविवारी घोटायला नको होता हे मला माहीत आहे. सफरचंदं सडत होती.

डॅडींनी हाक मारली. “ओलिता! ऐकलंस? डेल्फा गातेय! तुझी मम्मी!”

मी वर धावले. ते खुर्चीत पुढे झुकले होते, दोन्ही हात कठड्यावर. चेहरा कसा होता हे मला नीट लिहिता येणार नाही. पहाटे खाणीतून घरी आल्यावर आंघोळ केली की कसे दिसायचे, तसे. म्हणजे डोळ्यांभोवतीचा काळा रंग तसाच आणि बाकी सगळं उजळ. ते पुन्हा म्हणाले, “ऐकलंस?”

मी म्हटलं, “हो, ऐकलं.”

आणि मी खरंच ऐकलं, जर्लीन. ओढ्याकडून आवाज येत होता. एकजण ओळ म्हणतो आणि मग सगळे ती ओढून ओढून गातात, तसं गाणं. त्या सगळ्यांच्या वर मम्मीचा आवाज. सगळ्यांची ओळ संपली तरी ती एक हेलकावा जास्त घ्यायची, तोसुद्धा.

डॅडींनी आपले पाळक ब्रदर एस्टिल यांना बोलावणं पाठवलं. म्हातारे काल मंडळीतल्या आणखी दोघांना घेऊन आले. डॅडींनी जे झालं ते सांगितलं. थोडक्यात सांगितलं, आधीच दम लागतो. ब्रदर एस्टिल ऐकता ऐकता रडायला लागले. “आर्व्हिल, तुझ्यासाठी गुडघे झिजले माझे,” म्हणाले. डॅडी म्हणाले, “मग बस की, उभा का?” तेव्हा सगळे हसले. शेवटी डॅडींनी माझ्याकडे बोट दाखवलं. “पोरीला विचारा. तिनेही ऐकलं.”

ब्रदर एस्टिलनी विचारलं, “ऐकलंस, बेटा?”

मी म्हटलं, “हो.”

त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. मंडळीने हात वर करून त्यांना आपल्यात घेतलं. येत्या रविवारी ओढ्यात बाप्तिस्मा आहे. पाणी फार थंड आहे, डॉक्टर नको म्हणतो, पण बाप्तिस्म्याच्या पाण्याने आजवर कुणी मेलं नाही असं सगळे म्हणतात. तुझ्या धाकट्याला गोवर आलाय, म्हणून तुला येता येणार नाही, हे मी डॅडींना समजावून सांगितलं. तू फोनवर इतकी रडलीस की त्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता, पण हसत होते.

बाकी विशेष नाही. हॉबर्टच्या ट्रकची बॅटरी उतरली म्हणून तो रविवारी दुपारी आपल्याकडे बॅटरी जोडायच्या तारा मागायला आला होता. पुलाजवळ रेडिओ लावून बसला होता. या दरीत फक्त तिथेच स्टेशन लागतं. मुरंबा थोडा करपला.

तुझी,
ओलिता


बेअरपेन क्रीक
३ डिसेंबर १९९१

प्रिय जर्लीन,

तू सुखरूप पोचलीस हे कळलं. डॅडींच्या दफनाच्या दिवशी तुला इतक्या दिवसांनी जवळून पाहिलं आणि बोलणं मात्र काहीच झालं नाही. घरभर बायका, केक, डबे. अजून फ्रीजमध्ये कुणाकुणाची भांडी आहेत आणि ती कुणाची हे मला आठवत नाही, याचाच मला घोर लागलाय.

तुझं पत्र आलं. नाताळाच्या आधीच्या रविवारी तू तुमच्या मंडळीसमोर उभी राहून डॅडींची साक्ष सांगणार आहेस आणि मी ती जशी घडली तशी लिहून पाठवावी, एक शब्द इकडचा तिकडे न करता. ‘तू खोटं लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून तुला सांगतेय,’ असं तू लिहिलंयस.

आठवडाभर मी लिहायला बसते आणि उठते. आज लिहिते.

तो रेडिओ होता. हॉबर्टने ट्रकचं दार उघडं टाकून रविवार सकाळचा कार्यक्रम लावला होता. मागच्या कधीच्या तरी स्मरणसभेची टेप रेडिओवाल्यांनी वाजवली. त्या सभेला मम्मी होती. अंगणातून मला ट्रक दिसत होता. आवाज ऐकला आणि ट्रक पाहिला, दोन्ही एकदमच. डॅडींनी ‘ऐकलंस?’ म्हटलं तेव्हा मी खरं तेच बोलले. ब्रदर एस्टिलनी विचारलं तेव्हाही खरं तेच बोलले. दोन्ही वेळा खरं बोलले आणि त्यातून हे झालं. मम्मीने मला खोटं कसं बोलायचं नाही हे शिकवलं. हे असं काही होतं हे शिकवलं नाही.

आता मी तुला हे सांगतेय म्हणून तू माझ्यावर रागावशील. पण थांब. आणखी आहे.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी त्यांची दाढी करत होते. मला राहवेना. ब्रदर एस्टिल नेहमी काय सांगतात तुला ठाऊक आहे: आशा नसलेला माणूस निदान दार शोधत राहतो, खोटी आशा असलेला भिंतीसमोर जाऊन उभा राहतो आणि समजतो की पोचलो. डॅडी भिंतीसमोर उभे राहणार आणि त्यांना तिथवर मी नेलेलं असणार. मी वस्तरा बशीत ठेवला आणि म्हटलं, “डॅडी, तो आवाज पुलाजवळून आला. हॉबर्टचा रेडिओ होता.”

अर्ध्या चेहऱ्याला साबण. ते म्हणाले, “उरलेली अर्धी कर, वाळतंय.”

“तुम्ही ऐकलंत का मी काय म्हटलं?”

“ऐकलं. तुला काय वाटतं, मला रेडिओ ओळखू येत नाही? दोन कडव्यांच्या मध्ये टायरच्या दुकानाची जाहिरात लागली. स्वर्गात टायर विकत असतील, तर आपली इथली माती काय वाईट?”

मी खाली बसले. तिथेच, जमिनीवर. म्हटलं, “मग का?”

त्यांना बोलायला वेळ लागला. मध्ये मध्ये दम घ्यायचे. मी ते सगळं जोडून लिहिते आहे, एवढी सूट घेते. “पहिल्या ओळीला मला खरंच वाटलं. ती एक ओळ, ओलिता. आख्ख्या जन्मात मला मिळाली ती तेवढी एक ओळ. मग तो टायरवाला आला. तोपर्यंत तू पायऱ्या चढून वर आली होतीस आणि मी तुझं तोंड बघितलं. महिनोन्‌महिने तू दारात उभी राहून माझा श्वास मोजतेस. तिकडे ती दर आठवड्याला फोन करून रडते. म्हटलं, असू दे. जन्मभर वाट बघितली, कुणी आलं नाही. आता पोरींसाठी एकदा गार पाण्यात बुडी मारायला काय जातं?”

“पण डॅडी, हे खोटं आहे. मंडळीसमोर.”

“आहे,” ते म्हणाले. “तुला सांगायचं असेल तर सांग एस्टिलला. मी अडवणार नाही. तुझ्या मम्मीने तुला तसंच वाढवलंय, आणि बरोबर वाढवलंय. फक्त उद्यापर्यंत काय ते ठरव. त्याने ओढ्यातले दगड काढून ठेवलेत, म्हातारा माणूस आहे, पुन्हा भरायला लावू नकोस.”

मी उरलेली दाढी केली. कापलं नाही कुठे.

रविवारी सगळे ओढ्यावर जमले. गवतावर दहिवर होतं. हॉबर्टने आणि ब्रदर एस्टिलच्या पुतण्याने त्यांना खुर्चीसकट उचलून काठापर्यंत नेलं. यंत्र अर्थातच नव्हतं, ऑक्सिजनची छोटी टाकी होती. मी घोंगडी घेऊन काठावर उभी. पाण्यात उतरायच्या आधी डॅडींनी हात वर करून त्यांना थांबवलं. सगळ्यांना वाटलं दम घेतायत. ते माझ्याकडे बघत होते. खूप वेळ बघितलं. ते मला वेळ देत होते, जर्लीन. मी तोंड उघडलं तर त्यांनी तिथूनच खुर्ची मागे फिरवायला सांगितली असती आणि मला एका शब्दाने बोलले नसते.

माझं तोंड उघडलं नाही. ते दयेने मिटलं की भीतीने, हे मी रोज स्वतःला विचारते आणि रोज वेगळं उत्तर येतं. त्यांनी मान हलवली, आणि त्यांना आत नेलं.

ब्रदर एस्टिलनी त्यांना पाठीमागे बुडवलं आणि वर काढलं. मी फक्त चेहरा बघत होते. मनात म्हणत होते, देवा, ज्याने खोटं म्हणून सुरू केलं त्याला तू पाण्यात खरं करू शकतोस, तुला काय अशक्य आहे. ते वर आले. ओठ निळे, दात वाजत होते. बायका रडत होत्या, सगळे एकमेकांचे हात धरत होते, गाणं सुरू झालं. मी घोंगडी गुंडाळायला वाकले, तेव्हा ते माझ्या कानात म्हणाले, “नाही गं.”

एवढंच.

मला इथे थांबायचं होतं. पण तू सगळं मागितलंयस.

त्यानंतर ते जेमतेम पंधरवडा होते. ब्रदर एस्टिल रोज यायचे, त्यांच्याजवळ बसून ‘आता तुझी-माझी भेट तिकडे’ म्हणायचे. डॅडी म्हणायचे, “तुझं तोंड तिकडेही बघायचं का?” आणि म्हातारा इतका खूश व्हायचा. पण तो गेला की डॅडी मला जवळ बोलवायचे. म्हणायचे, “ते यंत्र जरा बंद कर. काही ऐकू येत नाही.”

पहिल्यांदा मला कळलं नाही. मग कळलं. पोरींसाठी म्हणून ते पाण्यात उतरले होते, पण त्या एका ओळीने त्यांना चटक लावली होती. ते आता खरोखर कान देऊन ऐकत होते.

मी यंत्र बंद करायचे. खिडकी उघडायचे. घर एकदम गप्प व्हायचं. ओढ्याचं पाणी, हॉबर्टचा कुत्रा, फ्रीज. ते माझ्याकडे बघायचे. “तुला काही?” मी म्हणायचे, “नाही, डॅडी.” “मलाही नाही.” ओठांचा रंग बदलायला लागला, की मी यंत्र पुन्हा सुरू करायचे. तेवढ्या वेळात आम्ही दोघं जितके जवळ होतो तितके आयुष्यात कधी नव्हतो, हेही लिहिते, कारण तेही खरं आहे.

ज्या सकाळी ते गेले, त्या सकाळी मी कोळसा आणायला मागे गेले होते. परत आले तर झालेलं होतं. मान खिडकीकडे वळलेली होती. तू दफनाच्या वेळी बायकांना सांगत होतीस, की बघा, ज्या बाजूने आवाज आला त्याच बाजूला बघत गेले. मी ऐकलं आणि काही बोलले नाही. यंत्र चालू होतं, जर्लीन. मी बंद करून गेले असते तर ते माझ्यामुळेच गेले असते, हे मला कळतं. पण चालू होतं. त्यामुळे शेवटी काही आलं असेल, तरी त्यांना ते ऐकू आलं का, हे मला कधीच सांगता येणार नाही.

म्हणून साक्ष मी लिहून देऊ शकत नाही. आपल्या मंडळीच्या हिशेबाने त्यांना काही मिळालं नव्हतं. तुमच्या मंडळीच्या हिशेबाने त्यांनी ते मागितलंही नव्हतं. दोन्ही दारांच्या बाहेर मला ते त्या खुर्चीत बसलेले दिसतात, काठावर, माझ्याकडे बघत. ब्रदर एस्टिलना मी सांगितलेलं नाही. सांगायला हवं का? तू म्हणालीस तर सांगेन. पण त्यांचे गुडघे झिजलेत ना. मला जमत नाही.

तुला उभं राहून काही सांगायचंच असेल, तर मी शपथेवर लिहून देईन असं एकच वाक्य आहे: आमचे वडील, ज्यांना स्वतःसाठी काही आशा नव्हती, ते आमच्यासाठी ऑक्टोबरच्या पाण्यात उतरले. यात तारण आहे का मला माहीत नाही. तुझ्या पाळकांना माहीत असेल तर विचारून कळव. ते ‘आहे’ म्हणाले, तर कशावरून, तेही विचार.

एक राहिलं. गेल्या आठवड्यात मी पुलाजवळ जाऊन हॉबर्टला म्हटलं, की रविवारी सकाळी काही दिवस रेडिओ लावू नकोस. तो म्हणाला, “अगं, मग मी करू काय? बायकोशी बोलू?” मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, टोपी काढली, आणि का म्हणून विचारलं नाही. काल-परवाच्या रविवारी ट्रक होता, दारं बंद होती.

यंत्र कंपनीचा माणूस घेऊन गेला. सकाळी मी ओसरीवर त्यांच्या खुर्चीत बसते. आता मध्ये काहीच नाही. काही आलं, तर ते रेडिओचं नाही एवढं तरी नक्की कळेल.

अजून आलेलं नाही. आलं तर सगळ्यांच्या आधी तुला लिहीन. नाही आलं, तर आलं असं लिहिणार नाही.

तुझीच, ऐकत बसलेली,
ओलिता